बातमी की नुसता गलका?

(कंग्राळी येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्नाचा इतिहास आज आम्ही सांगणार नाही. तो तुमच्या घराघरांत आहे. आज बोलायचे आहे ते त्याच घरातल्या टीव्हीबद्दल.

डिसेंबर २०२२ आठवा. ६ तारखेला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, काळे फासले गेले. घटना खरी होती, निषेधार्हच होती. पण तीच चित्रे मराठी, कानडी, हिंदी वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा फिरली. पुण्या-मुंबईचे पाहुणे घाबरून फोन करू लागले, "तिकडं पेटलंय म्हणे, बरे आहात ना?" आणि इथे आपल्या गल्लीत गिरणी चालू होती, पोरे शाळेत होती. शेजारच्या कानडी घरातही हीच धास्ती, फक्त भाषा वेगळी. १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाल्यावर गृहमंत्री अमित शहा यांनीच सांगितले, की बड्या नेत्यांच्या नावाने बनावट ट्विटर खाती काढून आगीत तेल ओतले गेले.

पुढे २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. थोड्याच दिवसांत कॅमेरे निघून गेले. प्रश्न मात्र इथेच राहिला.

मध्यंतरी आम्ही काही कॉलेजच्या मुलांना विचारले. ट्रकची चित्रफीत सगळ्यांना आठवत होती. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली, हे दोघा-तिघांनाच ठाऊक होते. बंधूंनो, आमची खरी चिंता ही आहे.

हे असे का होते? वाहिनीचे पोट जाहिरातीवर आणि जाहिरात टीआरपीवर. २०२० साली ही मोजणी देशभरातल्या सुमारे ४४ हजार घरांतल्या यंत्रांवर चालत होती. त्याच वर्षी तिच्यात घोटाळ्याचे आरोप झाले आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. कोर्टातल्या तारखेला टीआरपी नाही, फुटलेल्या काचेला आहे. ३५०-अ कलम मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची तजवीज सांगते. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे ठरलेले आहे. यावर रात्री नऊच्या चर्चेत कितीदा ऐकलेत?

आम्ही टीव्हीचे वैरी नाही. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा फलक हटवताना पोलिसांनी केलेली मारहाण कॅमेऱ्यामुळेच देशाला दिसली. जुने सगळे सोने होते असेही नाही. दूरदर्शन सरकारच्याच तोंडाने बोलायचे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपले नऊ जण हुतात्मे झाले, तेव्हा चोवीस तासांची वाहिनी नव्हती. पण तेव्हा वाचनालयात एक अंक दहा जण वाचत, पारावर चर्चा होई, चुकीचे बोलणाऱ्याला म्हातारी माणसे तिथेच अडवत. बातमी चाळण्याची ही चाळण आता आपल्याच हातून सुटली आहे.

म्हणून आमच्या चार विनंत्या. घरात रोज एक मराठी वर्तमानपत्र यावे आणि मुलांनी ते मोठ्याने वाचावे. दर रविवारी वाचनालयात तासभर बसून आठवड्याच्या बातम्या पडताळाव्यात, दाव्याची स्थिती आणि पंचायतीच्या नोटिसा वाचाव्यात. नोटीस कानडीत असेल तर कानडी येणाऱ्या पोराने ती समजावून सांगावी, त्यात कमीपणा नाही. मोबाइलवर आलेला मजकूर कुणी, कुठे, कधी म्हटला हे कळल्याशिवाय पुढे ढकलू नये. आणि वाहिनीने खोटे दाखवले तर नुसत्या शिव्या न घालता लेखी तक्रार करावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहिनीला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास वरची पायरी आहे.

ज्या पिढीने लाठ्या खाल्ल्या, तिला आपण कशासाठी खातो हे माहीत होते. पुढच्या पिढीला ते टीव्ही सांगणार नाही. ते तुम्ही-आम्हीच सांगायचे आहे.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जय महाराष्ट्र!