गर्दीतील एक दिवस
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुरुजींनी सिनेमात काम केले, त्याविषयी त्यांनी चार शब्द बोलावेत, असा चिटणीसांचा आग्रह पडला. काम केले म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सन 2018 च्या जानेवारीत वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एका अल्प खर्चाच्या टेलिफिल्मचे चित्रण झाले. तीत गर्दीसाठी आणलेल्या तीस माणसांपैकी आम्ही एक होतो, इतकेच.

मेणवलीस हे नवे नाही. नाना फडणविसांच्या वाड्यालगतचा हा घाट 2004 च्या ‘स्वदेस’ चित्रपटात आपण पाहिला असेल. परंतु मोठ्या चित्रपटास शेकडो माणसे मिळतात, येथे तीसच. म्हणून सकाळी आम्ही वऱ्हाडी झालो आणि दुपारी फेटे उतरवून त्याच मंडळींनी अंत्ययात्रेत चालावयाचे! चेहरे ओळखू येऊ नयेत म्हणून त्या वेळी कॅमेरा आमच्या पाठीमागे. वऱ्हाडात गप्पा मारावयाच्या, पण आवाज न काढता. नुसते ओठ हलवावयाचे, कारण ध्वनिमुद्रण मुख्य नटांचे. छत्तीस वर्षे वर्गात घसा कोरडा केलेल्या माणसास ही केवढी शिक्षा! तेच दृश्य प्रथम दुरून, मग जवळून, मग उलट बाजूने घेत. आणि मागील खेपेस आपला हात कमरेवर होता की खांद्यावर, हे दर वेळी ध्यानात ठेवावे लागे. चार तास बसावे आणि वीस पावले चालावे, असा तो हिशेब. पुढे ती टेलिफिल्म दाखविली गेली, तेव्हा आमची पाठ घरच्या मंडळींनी ओळखली.

आम्हांस सांगावयाचे आहे ते सायंकाळचे. माणसे पुरविणारा गृहस्थ आमचाच माजी विद्यार्थी निघाला. कबूल केलेले रुपये 500, हातावर ठेवले 300, आणि सही कोऱ्या पावतीवर. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! परंतु तो पाया पडला, चारचौघांत ‘गुरुजी’ म्हणाला, आणि आम्ही सही केली. आमच्यामागे रांगेत सतरा मजूर बाया होत्या. गुरुजींनीच सही केली म्हटल्यावर त्यांनीही निमूटपणे सह्या केल्या, अंगठे उठविले. मुंबईत या कामाच्या लोकांची संघटना आहे. इथे त्यांनी आमच्याकडे पाहिले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आठवड्याने बायांची नावे वहीत लिहून आम्ही त्याच्या घरी गेलो. गाडीभाडे व जेवण वळते केले, असे तो म्हणाला. भाडे व जेवण कंपनीचे होते, हे आम्ही चौकशी करूनच गेलो होतो. तो बराच वेळ बोलला नाही. चहा आला, तो आम्ही घेतला नाही. अखेर अकराजणींचे पैसे त्याने आमच्यासमक्ष दिले. उरलेल्या सहाजणी पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत कामास गेल्या होत्या; त्यांचे बाराशे रुपये त्याच्याकडून अद्याप यावयाचे आहेत. ती वही आमच्यापाशी आहे.