पांढरी जमीन, काळा दगड



ओमानमध्ये जिद्दत अल हरासिस नावाचं वाळवंट आहे.
जमीन पांढुरकी, चुनखडीची.
अगदी सपाट.
म्हणून आकाशातून पडलेला काळा दगड,
म्हणजे अशनी,
तिथे लांबूनच डोळ्यांत भरतो.

२००१ पासून ओमानी आणि स्विस शास्त्रज्ञ तिथे अशनी शोधू लागले.

तुम्हीही शोधायला गेलात आणि चार मित्र असाल, तर एका आडव्या रांगेत चाला.
नजर जमिनीवर.
काळं काही दिसलं म्हणून धावत जाऊन उचलावं, तर कधी कधी उंटाची लेंडी निघते!

अशनी हाताला जड लागतो.
वर पातळ काळी साल असते,
हवेतून येताना वितळलेली.
लोहचुंबक मात्र लावू नका.
त्याने अशनीतली मूळ चुंबकीय खूण पुसली जाते.

पुन्हा सांगते,
पांढऱ्या जमिनीवर काळा दगड शोधायचा.
पण खिशात घालायचा नाही.
तो परवानगीशिवाय ओमानबाहेर नेता येत नाही.