शर्यतीतील औषध

आपल्या तारापूरच्या कारखान्यांत औषधे होतात ती रोग्यांसाठी. एरिथ्रोपोएटिन हेही मूत्रपिंडे निकामी झालेल्यांच्या तांबड्या रक्तपेशी वाढावयास देतात. धडधाकट सायकलपटूंनी तेच टोचून घेतले! दम वाढतो खरा; रक्त दाटून हृदयावर भार पडतो तो निराळाच. १९९८ साली फेस्टिना संघाच्या मालिशवाल्याच्या मोटारीत याचा साठा सापडला. म्हणजे खोड एकट्या स्वाराची नव्हे. १९९६ ची ‘टूर द फ्रान्स’ जिंकणाऱ्या ब्यार्ने रीसने हे औषध घेतल्याचे २००७ मध्ये कबूल केले, तेव्हा तो स्वतःच संघ चालवीत होता. २०१२ साली आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे काढून घेतली. २०२० मध्ये रीस पुन्हा एका संघाचा व्यवस्थापक झाला. पालघर-बोईसरची पोरे उद्या शर्यतीत उतरली, तर त्यांची लघवी तपासतील. त्यांच्या गुरूचा पूर्वेतिहास कोण तपासणार, एवढेच आम्ही विचारतो.