घाणा, रॉकेल आणि हायड्रोजन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बेल्हे येथे दिलेले व्याख्यान)



चालकांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न मला पडला नाही. ज्या तेली ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचा दिवा तेवता ठेवला, तिच्या मेळाव्यात इंधनाविषयी बोलणे उचितच आहे. आपले पूर्वज घाण्यावर तीळ, करडई, कारळा गाळीत आणि त्या तेलावर देवघरातील समई व ओसरीवरील दिवा जळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशाहून डब्यांतून रॉकेल येऊ लागले. ते स्वस्त होते व उजेडही अधिक देई. दिव्याचे तेल मागे पडले; पुढे यंत्रावरच्या गिरण्यांनी खाण्याचे तेलही घाण्यापासून हिरावून घेतले. यात कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. परंतु नवे इंधन येते ते केवळ दिवा बदलून थांबत नाही, ते माणसांचे पोटपाणीही बदलते, हा धडा आपल्या ज्ञातीने चांगलाच गिरविला आहे. आज हायड्रोजन या नव्या इंधनाचा बोलबाला होत आहे. तेव्हा त्याची पारख वेळीच करून घेणे हे आपले कर्तव्य होय.

जुन्या शास्त्रपुस्तकांत ज्याला उज्ज म्हणत तोच हा वायू. १७६६ साली हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे स्वतंत्र स्वरूप ओळखले. १८०० साली निकल्सन व कार्लाइल या दोघांनी पाण्यात वीज सोडून त्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे दोन भाग करून दाखविले. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह याने उलट क्रिया साधली. हे दोन वायू एकत्र आणून त्याने वीज मिळविली व मागे पाणी उरले. आजची हायड्रोजनवरची मोटार याच तत्त्वावर चालते. तिच्या नळीतून धूर निघत नाही, पाण्याची वाफ निघते.

हे ऐकून कोणास वाटेल की, पाणी तर विपुल, मग इंधनाची चिंता मिटली! येथेच सावध राहिले पाहिजे. करडईच्या दाण्यात सूर्याची शक्ती आधीच साठलेली असते. घाणा ती केवळ बाहेर काढतो. पाण्याचे तसे नाही. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन, एका अर्थी त्याची राखच. राखेचे पुन्हा लाकूड करावयाचे तर जळताना जेवढी शक्ती निघून गेली तेवढी परत घालावी लागणार, किंबहुना थोडी अधिकच. एक किलो हायड्रोजन काढण्यास निदान ९ लिटर शुद्ध पाणी व सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. तोच हायड्रोजन मोटारीत वापरून पुन्हा वीज केली, तर हाती १५ ते २० युनिट येतात. म्हणून हायड्रोजन ही शक्तीची खाण नव्हे, ती शक्ती साठविण्याची कणगी आहे. कणगीत जे भराल तेच निघेल, आणि त्यातही थोडे उंदीर खाणार.

मग हा खटाटोप कशासाठी? कारण हायड्रोजन आपल्या शिवारात फार पूर्वीच येऊन पोहोचला आहे. युरियाची ४५ किलोची गोणी घ्या. तिच्यासाठी साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो आणि त्या अमोनियात साडेचार किलो हायड्रोजन असतो. चेंबूर व अलिबागजवळील थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यांत हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. अशा रीतीने एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कर्बवायू हवेत जातो. जगातील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू वा कोळशापासूनच येतो. तोच सूर्य व वारा यांच्या विजेने पाण्यातून काढला तर त्यास हरित हायड्रोजन म्हणतात. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेविले. महाराष्ट्र शासनानेही जुलै २०२३ मध्ये आपले हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले.

आपल्या जिल्ह्यातही या विद्येचे काम चालले आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून सिद्ध केलेली हायड्रोजनवरची बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात लोकांपुढे आली. त्याच पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या सेंटियंट लॅब्जसह भात, गहू, मका यांच्या काडापासून सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने हायड्रोजन काढण्याची रीत शोधली. तीत आधी हायड्रोजन व मागाहून गोबरगॅसमधील मिथेन असे दोन्ही मिळतात. ही वार्ता आनंदाची आहे. परंतु काड म्हणजे टाकाऊ वस्तू, असे आपण म्हणू शकतो काय? पंजाबात भाताचे काड शेतात जाळतात; आपल्याकडे ज्वारीचा कडबा व बाजरीचे सरमाड बैलांच्या व गाईंच्या मुखी जाते. उद्या कोणी गाडी घेऊन कडबा मागावयास आला, तर आधी दावणीकडे पाहावे, नंतर जमिनीच्या कसाकडे, आणि शेवटी त्याच्या हातातील नोटांकडे.

धोक्याचेही भान हवे. हा वायू अत्यंत हलका. एक किलो वायू मोकळा सोडला तर अकरा हजार लिटरांहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो गाडीत हवेच्या साडेतीनशे ते सातशे पट दाबाने कोंडावा लागतो. हवेत शंभरात चार भाग मिसळला तरी पेट घेतो, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. ६ मे १९३७ रोजी हिंडेनबर्ग नावाचे जर्मन विमानपोत अमेरिकेत पेटले व ३६ माणसे मृत्यू पावली. तेव्हा ही विद्या शिकलेल्या हातांनीच हाताळावयाची आहे.

आपल्या बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्यावाचून व त्यास चालवून पाहिल्यावाचून कोणी पैसे मोजीत नाही. हायड्रोजनच्या बाबतीतही तीन प्रश्न विचारावेत. हा घाणा कोणत्या बैलावर चालतो, म्हणजे वीज कोळशाची की सूर्याची? पाणी कोणाच्या वाट्याचे? ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याने हा प्रश्न सर्वांआधी विचारावा. आणि जे काम साध्या विजेने व बॅटरीने भागते, तेथे हा महाग मार्ग कशाला? खत, पोलाद, जहाजे, लांब पल्ल्याचे मालट्रक येथे हायड्रोजनचे खरे स्थान आहे. घरच्या चुलीला व गावातल्या दुचाकीला त्याची गरज नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी आहे. रॉकेल आले तेव्हा आपल्या वडिलांच्या वडिलांना ते कोठून येते, कसे शुद्ध होते, हे शिकविणारी शाळा नव्हती. त्यांच्या हाती केवळ रिकामा डबा आला. तुम्हांस शाळा आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तंत्रनिकेतने आहेत. दाबाखालील वायूच्या टाक्या सांभाळणारा, पाण्याचे विघटन करणारी यंत्रे जोडणारा व दुरुस्त करणारा कारागीर उद्या हवाच आहे. मंडळाची शिष्यवृत्ती मागताना मुलामुलींनी या शाखांचाही विचार करावा आणि चालकांनी त्यांस अग्रक्रम द्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. या वेळी नव्या घाण्यावर आपली मुले केवळ गिऱ्हाईक म्हणून उभी राहू नयेत, एवढीच इच्छा आहे.