सोनेरी घोडा : जात नव्हे, रंग
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लग्नसराईत अंधेरी-बोरिवलीच्या रस्त्यांवर बँडच्या मागून येणारा घोडा बहुधा पांढरा असतो. पण एखाद्या वरातीत सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा घोडा आला, की मुले नवरदेवाला सोडून त्याच्याकडेच पाहू लागतात. या रंगाला पॅलोमिनो म्हणतात. मी जनावरांचा डॉक्टर असल्यामुळे लोक हमखास विचारतात, "ही कुठली जात?"

ही जात नव्हे, हा रंग आहे. आपल्या मारवाडी घोड्यांत तो दिसतो, अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्समध्येही दिसतो. १९४१ साली अमेरिकेत पॅलोमिनो पाळणाऱ्यांची एक संस्था निघाली. तिथे घोड्याचा रंग पाहून नोंद होते. अंग नव्या सोन्याच्या नाण्यासारखे आणि आयाळ-शेपूट बहुतांशी पांढरी, ही तिची कसोटी.

घाटकोपरच्या एका घोडेवाल्याने मला एकदा विचारले, "साहेब, घरची घोडी सोनेरी आहे. सोनेरीच घोडा दाखवला, तर शिंगरूही सोनेरीच होणार ना?" प्रश्न साधा होता, पण त्यामागे त्याची पुंजी होती. घोडी अकरा महिने गाभण राहते. पुढे शिंगरू पाठीवर माणूस घेण्याजोगे व्हायला तीन-चार वर्षे जातात. तोवर चारा, चंदी, नालबंदाचे पैसे आणि मुंबईत सर्वांत महाग म्हणजे तबेल्याची जागा.

मी त्याला सांगितले, खात्री नाही. मुळात घोडा तांबूस असतो. त्यात रंग फिका करणाऱ्या जनुकाचा एक वाटा आला, की तो सोनेरी होतो. शिंगराला आईकडून एक वाटा मिळतो आणि बापाकडून एक. दोघेही सोनेरी असले, तर सरासरीने चार शिंगरांत दोन सोनेरी, एक तांबूस आणि एक फिका वाटा दोन्हीकडून घेतलेले, दुधी रंगाचे, निळ्या डोळ्यांचे. म्हणजे नाणेफेकच! फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ साली हा जनुक नेमका शोधून काढला. गंमत अशी, की तांबूस आणि दुधी या जोडीला मात्र प्रत्येक शिंगरू सोनेरीच होते. सोने हवे असेल, तर आईबाप दोघेही सोनेरी नकोत!

दुधी शिंगरू आजारी नसते. त्याची कातडी गुलाबी असल्याने नाका-डोळ्यांभोवती ऊन चटकन पोळते, एवढी काळजी घ्यावी लागते. पण हवा तो रंग आला नाही म्हणून चांगले शिंगरू पडत्या भावाने विकून टाकायचे, हे मला पटत नाही. त्यात मालकाचे नुकसान असतेच, शिवाय त्या मुक्या जनावराची आबाळ होते.

या रंगाचे वेड वाढवले ते पडद्याने. रॉय रॉजर्स या अमेरिकी नटाचा घोडा ट्रिगर. त्याचे आधीचे नाव गोल्डन क्लाउड. १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटात तो होता. इतकी कीर्ती, पण त्याची पैदास कधी केलीच नाही. 'ट्रिगर ज्युनियर' म्हणून मिरवला तो निराळाच घोडा होता. १९६१ ते १९६६ या काळात दूरचित्रवाणीवर गाजलेला बोलका घोडा मिस्टर एड, तोही पॅलोमिनो. पण ती मालिका होती कृष्णधवल. त्याचे सोनेरीपण प्रेक्षकांना दिसलेच नाही! आपल्याकडेही राजस्थानी परंपरेत राणा प्रतापांचा चेतक निळ्या घोड्याच्या रूपात येतो. कॅलेंडरवर मात्र तो पांढराशुभ्र झाला.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. आपल्या राज्यातला घोड्यांचा तो मोठा बाजार. तिथे रंग आणि अंगावरचे भोवरे पाहून भाव ठरतात. कोणी घोडा घ्यायला निघाला असेल, तर माझे एवढेच सांगणे, की आधी त्याला कठीण जमिनीवर चालवून, धाववून पाहा. चारही खूर उचलून बघा, दातांवरून वय ताडा, आणि बँड वाजत असताना तो शांत उभा राहतो का ते तपासा. वरातीत नवरदेव त्याच्याच पाठीवर असतो आणि आजूबाजूला लहान मुले असतात. एवढे सगळे जमले आणि रंगही मनासारखा मिळाला, तर आनंदच आहे.