मुलाला रुळू देणारं शिबिर



एप्रिल लागला की ठाण्याच्या राम मारुती रोडवर, डोंबिवलीच्या फडके रोडवर, कल्याणच्या रामबागेत उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. नृत्य, नाट्य, स्केटिंग, रोबोटिक्स, सगळं एकाच छपराखाली. बहुतेक मुलं त्यात रमतात. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्याच सकाळी ‘पोट दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलांविषयी. गोंगाट वाढला की ही मुलं कानांवर हात ठेवतात. सर्वांसमोर नाव पुकारलं की त्यांचे डोळे भरून येतात. घामाने चिकटलेला शिबिराचा टी-शर्टसुद्धा त्यांना सोसत नाही.

अशा मुलांच्या आईवडिलांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘चार मुलांत टाका, आपोआप धीट होईल.’ हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1956पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत अभ्यास केला. त्यांतली सुमारे 15 टक्के मुलं नव्या जागी सावकाश रुळणारी होती. वेळ मिळाला की तीही रमत. ढकललं की आणखी मागे सरत. मूल घडतं ते त्याचा स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांच्या मेळातून, हे या दोघांनी दाखवून दिलं.

हा मेळ कसा घालायचा, हे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याने फार पूर्वी पाहिलं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे सहकारी अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही; कुरणातच शाळा भरवली. धाकटं भावंड सांभाळावं लागतं म्हणून मुली येत नव्हत्या, तर शाळेला पाळणाघर जोडलं. कारणं वेगळी असली तरी मूल येत नसेल तर आधी शाळा बदलून पाहायची, हा त्यांचा धडा आपल्या शिबिरांनाही लागू आहे.

म्हणून फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. एका गटात मुलं किती आणि ताई-दादा किती? दिवसाचा क्रम आधी लिहून मिळेल का? पुढे काय होणार हे ठाऊक असलं की या मुलांची निम्मी धास्ती ओसरते. शेवटच्या दिवशी रंगमंचावर उभं राहिलंच पाहिजे का? पडदा ओढणं, मुखवटे रंगवणं हासुद्धा नाटकातला खरा सहभाग आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: मूल मध्येच बाजूला जाऊन बसलं तर तुम्ही काय करता? ‘आम्ही सगळ्यांना भाग घ्यायलाच लावतो’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून परत या. ‘बसू देतो, जवळ कुणीतरी असतं, थोड्या वेळाने पुन्हा विचारतो’ असं सांगणारं शिबिर साधं असलं तरी निवडा. बाहेर पडण्याची आणि परत येण्याची वाट मोकळी असेल, तर मूल स्वतःहून परत येतं.

मात्र शांत कोपरा म्हणजे बंद खोली नव्हे. ती जागा सर्वांना दिसणारी हवी आणि तिथे मुलाबरोबर एकटीच मोठी व्यक्ती असू नये. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा पॉक्सो कायदा 2012पासून आहे. आयोजकांना त्याची माहिती आहे ना, हे विचारताना भीड बाळगू नका.

आपल्या भागाचाही विचार करा. मे महिन्यात इथे घाम थांबत नाही. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीतून ठाण्याला नेलेलं मूल शिबिर सुरू होण्याआधीच थकतं. चालत जाता येईल असं, सकाळचं, दीड-दोन तासांचं शिबिर पाहा. मोठ्या सभागृहातल्या स्पीकरपेक्षा येऊरला आठ-दहा मुलांनी सकाळी पक्षी पाहणं अशा मुलाला जास्त मानवतं. सुरू होण्याआधी एकदा त्याला रिकामी जागा दाखवून आणा, ताईशी ओळख करून द्या. पहिले दोन दिवस तासाभरासाठीच पाठवा. न्यायला कधी येणार ते सांगा आणि ती वेळ पाळा.

घरी, शाळेत, खेळातही रोजचंच जगणं अवघड होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 साली उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था ठाण्यातच आहे. मूल स्वमग्न असेल, तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे. अशा वेळी आयोजकांपासून काही लपवू नका. आधी सांगितलं तरच त्यांना तयारी करता येते.

इथे बसलेल्या शिबिर-चालकांना माझी विनंती आहे. यंदाच्या पत्रकात उपक्रमांच्या यादीखाली एक ओळ छापा: ‘मुलाला हवं तेव्हा बाजूला बसता येईल.’ आणि पालकहो, अशी ओळ जिथे छापलेली आणि पाळलेली दिसेल, तिथेच नाव नोंदवा.