मोतीबिंदू ‘पिकण्या’ची वाट



डोळ्यांचा डॉक्टर व्याख्यानाला आला म्हणजे निम्म्या श्रोत्यांना आपल्या चष्म्याचा नंबर विचारायचा असतो आणि उरलेल्यांना शेजाऱ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगायची असते. त्यांनी सभेनंतर अवश्य भेटावे. मला बोलायचे आहे ते एका शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे ‘पिकणे’.

‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की काढू,’ हे वाक्य मी नित्य ऐकतो. ते लोकांच्या अडाणीपणातून आलेले नाही. आम्हां डॉक्टरांनीच ते रूढ केले, आणि एके काळी त्याला अर्थही होता. बाहुलीच्या मागचे भिंग गढूळ होते, तो मोतीबिंदू. तो काढण्यासाठी मोठा छेद घ्यावा लागे. मग डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रोग्याला उताणे निजवीत. एवढे सोसून उठल्यावर नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा चढे, कारण काढलेल्या भिंगाच्या जागी बसवायला काहीच नव्हते. तेव्हा थोडे अंधुक दिसणाऱ्याने थांबावे, यातच शहाणपण होते.

१९४९ साली लंडनला हॅरोल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा फारसा खवळत नाही, हे त्यांनी महायुद्धात पाहिले होते. पुढे १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिकंपनांनी गढूळ भिंग फोडून शोषून घेण्याची रीत आणली. आज छेद दोन-तीन मिलिमीटरांचा असतो आणि भिंग घडी करून आत सरकवतात. गंमत अशी की, या रीतीला पिकून कठीण झालेला मोतीबिंदूच अडचणीचा! त्याला कंपने जास्त द्यावी लागतात आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होण्याची भीती वाढते.

माझ्याकडे एक आजी आल्या. डोळा लालबुंद, कपाळात ठणका, रात्रभर उलट्या. घरच्यांनी आधी पोटाचे औषध दिले होते. मोतीबिंदू फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडली होती आणि आतला दाब चढला होता. “अहो, तुमच्यातल्याच एकानं सांगितलं होतं, पिकू द्या म्हणून,” आजी म्हणाल्या. मी काय बोलणार? भिंग काढले, ठणका थांबला. नजर काही परतली नाही. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मात्र त्या आपण होऊन आल्या.

मग करावे केव्हा? सुईत दोरा ओवता येईना, समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर फुटू लागला, पायरी चुकू लागली, म्हणजे डॉक्टरांशी बोलावे. शिंप्याला ती वेळ लवकर येईल, दुसऱ्या कोणाला उशिरा. मधुमेह किंवा काचबिंदू असेल तर मागचा पडदा आणि नसही आधी तपासावी. ती बिघडली असतील तर नुसते भिंग बदलून दिसणार नाही. आणि मोतीबिंदू विरघळविणारे थेंब म्हणून जे खपते, त्यावर पैसे घालवू नयेत.

पापणीचीही तीच कथा. म्हातारपणी खालची पापणी आत वळते, केस बुबुळावर घासतात, जखम होते आणि तिथे फूल पडते. लहान मुलाची पापणी बाहुलीवर लोंबत असेल आणि ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हटले, तर पापणी पुढेही उचलता येईल. पण त्या डोळ्याने पाहायला मेंदू लहानपणीच शिकतो, ते वय निघून जाते.

थांबायचे कुठे, तर चष्मा घालविणाऱ्या लेसरला. त्यात बुबुळालाच नवा आकार देतात, आणि बुबुळाची जाडी ती केवढी? मध्यावर अर्धा मिलिमीटर. ते पातळ असेल, नंबर अजून वाढत असेल, तर करू नये. शिवाय लेसर झाले तरी चाळिशी बहुधा लागतेच. परवा एक गृहस्थ अठरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले; स्थळे पाहायची होती. नंबर वर्षभरात पाऊण वाढलेला. मुलगी म्हणाली, “मला चष्म्याचं काहीच वाटत नाही हो, बाबांनाच वाटतं.” मी तिला वर्षभराने, वाटल्यास एकटीनेच, यायला सांगितले आहे.